मदत हवी आहे: पूर्व घाट आणि रेनर संकुलाची तुलना, झिर्कॉनच्या कडांची वयं जुळत नाहीत

पूर्व घाटातला खोंडालाइट आणि पूर्व अंटार्क्टिकातल्या रेनर संकुलाचे (जुन्या खडकांचा पट्टा) ग्रॅन्युलाइट शेजारी ठेवून पाहतोय; दोन्ही खूप उष्णतेत रूपांतरित झालेले खडक. दोन्हीकडचं मुख्य रूपांतरण साधारण 100 ते 90 कोटी वर्षांपूर्वीचं, तिथपर्यंत ठीक.

अडचण कडांची आहे. कॅथोडोल्युमिनेसन्स चित्रात (इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं खनिज चमकतं, त्याचं चित्र) झिर्कॉन या युरेनियम-शिशावरून वय देणाऱ्या खनिजाची कड, म्हणजे गाभ्याभोवती नंतर वाढलेला थर, जेमतेम 15 मायक्रॉन दिसते आणि वय मोजणाऱ्या लेझरचा ठिपका 30 चा. म्हणजे निम्मा ठिपका गाभ्यातच! येणारं वय मग धड गाभ्याचं नाही, धड कडेचं नाही. प्रिड्झ उपसागराकडे (आपलं भारती स्थानक तिकडेच) 55 ते 50 कोटी वर्षांपूर्वी खडक पुन्हा तापले, त्यामुळे अधलीमधली वयं शिशाच्या (युरेनियमपासून खनिजात साठणाऱ्या) गळतीची की गाभा-कडेच्या नुसत्या मिसळीची, ते कळेना. थोरियम-युरेनियम गुणोत्तरावर (रूपांतरणात वाढलेल्या कडेत ते सहसा कमी) विसंबवत नाही. इतक्या तापलेल्या खडकांत कडांचं गुणोत्तरही चढं येऊ शकतं.

मोनाझाइट (वय देणारं दुसरं खनिज) इलेक्ट्रॉन प्रोबवर (इलेक्ट्रॉनच्या झोतानं मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) घ्यावं का? ठिपका एक-दोन मायक्रॉनचा, पातळ छेदातच काम होतं. पण विसंगत वय ओळखायची सोय नाही, आणि शिशाच्या एमअल्फा या क्ष-किरण रेषेवर यट्रियमची रेषा चढते. तुम्ही एमबीटा वापरता की यट्रियमची दुरुस्ती करून एमअल्फाच?

तापमानाचंही सांगा. गार्नेट-बायोटाइट या खनिजांची जोडी फारच कमी आकडा देते, कारण थंड होताना लोह-मॅग्नेशियमची अदलाबदल चालूच राहते. त्याच छेदात सॅफिरिन हे खनिज क्वार्ट्झला चिकटून आहे, म्हणजे 900 अंश सेल्सियसच्या पुढचा मामला. ऑर्थोपायरॉक्सिन खनिजातल्या ॲल्युमिनियमवरून तापमान काढताना गाभ्याचंच विश्लेषण धरता ना?