"तीस वर्षं टिकलेलं वेल्ड म्हणजे पास"? काहीही काय!

डिलाइटवाला: काल एकाने १९६८ च्या फियाट ११०० डीच्या चाकाचा फोटो टाकला. बोल्टच्या भोकाजवळ तडा, त्यावर जुनं पितळी वेल्ड, वर काळा रंग. खाली नानांचं सर्टिफिकेट: "तीस वर्षं टिकलंय म्हणजे पास. आजच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचा एक्स-रे काढायची हौस." त्याखाली चाळीस लाइक, म्हणून लिहितोय. गाडी मालकाच्याच सांगण्याप्रमाणे त्यातली बहुतेक वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग टिकलं कोण, वेल्ड की ताडपत्री? ५.२०-१४ चा टायर एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे मारतो आणि प्रत्येक फेऱ्याला डिश, म्हणजे बोल्ट बसतात तो चाकाचा मधला पत्रा, थोडी वाकते, परत सरळ होते. तडा त्याने वाढतो, कॅलेंडरने नाही. रिमचा काठ वाकलेला ठोकून सरळ केलाय तर मी पण चालवेन, पण बोल्टची भोकं आणि डिश जिथे रिमला जोडते ती जागा, तिथे कोणाचंही जुनं वेल्ड दिसलं की माझ्यासाठी ते चाक बाद.

नाना_मिरज: बाद करा आणि नवीन आणा. कुठून? कुर्ल्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून? आमच्याकडचे मिस्त्री गॅसवर जे काम करायचे ते तुमच्या आजच्या मिगवाल्यांना, म्हणजे विजेच्या वेल्डिंगवाल्यांना, सात जन्मात जमणार नाही. हात स्थिर, घाई नाही. माझ्या पद्मिनीला असं एक चाक आहे, कोल्हापूर-पुणे किती वेळा केलंय.

उसातलं_चाक: नाना, मिस्त्रीबद्दल आदर आहेच, पण आमच्या जीपचं सांगतो. काकांची जीप, भोकांभोवती वेल्ड, तेही नावाजलेल्या हातचं. कराडच्या अलीकडे एक दिवस बोल्ट जागेवर, डिशचा मधला गोल तुकडा बोल्टसोबत हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेला, आणि बाकीचं चाक टायरसकट उसात. वेग चाळीसही नव्हता म्हणून मी हे टाइप करतोय. वेल्ड तुटलंच नव्हतं हो, तडा वेल्डच्या कडेने गेला होता.

नाना_मिरज: जीप ओव्हरलोड असणार. उसाच्या मोळ्या टाकल्या असतील मागे.

उसातलं_चाक: मोळ्या नव्हत्या, माणसं होती. तुम्हाला चालतंय ना?

रेडियलप्रेमी: सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. या रिम जुन्या पद्धतीच्या नायलॉन टायरसाठी बनल्यात, लोक त्यावर आताचे रेडियल टायर चढवतात आणि मग रिमला तडे गेले म्हणून रडतात. स्वतः रेडियलच वापरतो, गाडी रेषेत चालते, पण आधी रिम नीट तपासून घेतल्या.

सोलापुरी_ॲम्बी: आलं परत रेडियल! माझी ॲम्बेसेडर ५.९०-१५ नायलॉनवर आहे आणि मरेपर्यंत नायलॉनवर राहील. उभी राहून टायर चपटे झाले की पहिले दोन किलोमीटर थडथडते, बास. तुमच्या रेडियलने पार्किंगमध्ये स्टिअरिंग वळवून दाखवा.

रेडियलप्रेमी: दोन किलोमीटर?? दात पडायची वेळ येते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा, मग बोला. आणि नायलॉन त्या साइजमध्ये मिळतात कुठे, मिळाले तर कधीचे बनलेले असतात, बघता का?

सोलापुरी_ॲम्बी: आमच्या दुकानदाराकडे मिळतात. तुम्हाला पत्ता देणार नाही.

स्पोकवाली: तुम्ही दोघं वेगळा धागा काढा ना. पण तुमच्या भांडणात एक कामाचं निघालं, ट्यूब. जुन्या वेल्डचा उंचवटा रिमच्या आतून घासलेला नसेल तर ट्यूब घासून जाते, टायर कोणताही असू दे. मी लेस्टरला असते, एमजी टीसी आहे, १९ इंची तारेची चाकं. इथे चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला वार्षिक एमओटी, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, सक्तीची नाही, म्हणजे तपासणारं कोणी नाही, आपणच. स्पोकवर पाना वाजवत जायचं, एखादा बद्द वाजला की तो ढिला किंवा तुटलेला. मग चाक जॅकवर, कोणाला तरी ब्रेक दाबायला लावून चाक पुढेमागे हलवायचं, खटखट आली तर हबचे दाते गेले.

नाना_मिरज: ताई, तारेच्या चाकाचं ठीक आहे, आमचं पत्र्याचं आहे. आणि इथे आता ५० वर्षांवरच्या गाडीला विंटेज गाड्यांचा व्हीए नंबर घेतला तर रोज चालवायचीच नाहीये, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, गॅरेज. एवढ्यासाठी काय होतंय?

डिलाइटवाला: रॅली म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूला लोक पोरं खांद्यावर घेऊन उभे असतात, नाना. तिथेच चाक निखळायला हवं का? बरं, एक्स-रे नको, डाय टेस्ट करा. रंग केमिकलने काढायचा, ब्लास्टिंग करायचं नाही, त्याने बारीक तड्याचं तोंड ठोकून बंद होतं. मग लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर लाल रेघ उमटते.

नाना_मिरज: आणि पितळी वेल्डच्या बारीक छिद्रांतून सगळीकडे लाल झिरपलं की? तडा कुठला आणि छिद्र कुठलं, ते तुम्ही फोटोवरून सांगणार?

डिलाइटवाला: ठिपके आले तर छिद्रं, रेघ आली तर तडा, आणि नुसतंच लालेलाल झालं तर हो, काही कळत नाही. आतल्या पोकळीचंही कळत नाही. हा मुद्दा तुमचा. पण ज्या रिपेअरबद्दल काहीच कळत नाही ती पास कशी हो?

उसातलं_चाक: नाना, रंगातून तपकिरी रेघ दिसतेय का तुमच्या चाकाला? टेस्टच्या आधी तेवढं तरी बघा.

नाना_मिरज: एका जागी आहे. रंग जुना आहे म्हणून असेल. एवढं वाटतंय तर ते चाक स्टेपनीला टाकतो, झालं समाधान?

स्पोकवाली: म्हणजे पंक्चर कुंभार्ली घाटात, रात्री, पावसात होणार आणि नेमकं तेच चाक पुढे लागणार.

नाना_मिरज: धन्य आहात सगळे. डायचा डबा कुठे मिळतो ते लिहा. रेघ नाही आली तर इथे प्रत्येकाने माझ्या मिस्त्रीची जाहीर माफी मागायची.

रेडियलप्रेमी: डबा वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तीन डब्यांचा सेट मागा. आणि टायर काढालच, तर परत नायलॉन चढवू नका.

सोलापुरी_ॲम्बी: नाना, याचं ऐकू नका. पत्ता पाठवतो.