रक्त मिळालं की तेही कळवा

'रक्त हवंय' असे निरोप फिरवणाऱ्यांबद्दल एकांनी म्हटलंय, अडचणीतल्या माणसाकडून रीतभातीची कसली अपेक्षा करायची. मनाला पटतं, पण रक्तासाठीच्या निरोपात नेमकेपणा हीच रीतभात.

'अर्जंट, बी निगेटिव्ह हवं, फॉरवर्ड करा.' तारीख नाही, गाव नाही. गेल्या पावसाळ्यात असाच निरोप वाचून मी लगेच फोन लावला. पलीकडच्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "दादा, बाबा जाऊन आठ महिने झाले. अजून फोन येतात." मला पुढे बोलताच येईना.

म्हणून कळकळीने सांगतो: रक्तगट, रुग्णालय, गाव, तारीख आणि रक्त हवं की प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी), एवढं लिहाच. प्लेटलेट्स द्यायला मशीनवर तास-दीड तास जातो, शिवाय त्या जेमतेम 5 दिवस टिकतात. रक्त दिलेल्या पुरुषाला 90 दिवस आणि बाईला 120 दिवस पुन्हा देता येत नाही. कोणी रजा टाकून निघालेला असतो, त्याला "आता नको" हे रक्तपेढीच्या दारात कळू नये. गरज भागली की मूळ निरोपाखाली तसं लिहा, आणि जो आला त्याला संध्याकाळी एक फोन करा. पेशंट कसा आहे, एवढंच त्याला ऐकायचं असतं.