हिवाळ्यातील संध्याकाळसाठी मसाल्याची व्हिस्की: चव कडवट का होते?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. डिसेंबरात नाशिकची थंडी चांगलीच बोचू लागते आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर सहा-सात स्नेही जमतात. त्यांच्यासाठी मसाले घातलेले व्हिस्कीचे गरम पेय करावे अशी मनापासून इच्छा आहे. मागच्या आठवड्यात व्हिस्की, पाणी, गूळ, दालचिनी आणि आठ लवंगा एकाच पातेल्यात घालून मी दहा मिनिटे उकळल्या. परंतु जे तयार झाले ते दातदुखीच्या औषधासारखे लागत होते आणि व्हिस्कीचा स्वाद तर जवळजवळ नाहीसाच झाला होता. चूक प्रमाणात झाली की पद्धतीत? आणि व्हिस्की कोणती घ्यावी?

उत्तरवारा (एडिंबरा)

चूक दोन्हींत आहे, पण पद्धतीतली अधिक मोठी. मद्यार्क 78 अंश सेल्सिअसच्या सुमारास, म्हणजे पाण्याच्या बराच आधी उकळतो, त्यामुळे पातेल्यातून आधी तोच उडून जातो आणि जाताना व्हिस्कीचा सुगंधही घेऊन जातो. लवंगेच्या तेलातील मुख्य घटक युजेनॉल हा पाण्यापेक्षा मद्यार्कात फार सहज विरघळतो. आठ लवंगा दहा मिनिटे उकळल्यावर दंतवैद्याची आठवण येणारच. शिवाय मद्यार्काची वाफ गॅसच्या ज्योतीने पेट घेऊ शकते, म्हणून व्हिस्की चुलीवर चढवूच नये.

इथे स्कॉटलंडमध्ये थंडीत घरोघरी हॉट टॉडी करतात (टॉडी हा शब्द आपल्याकडच्या ताडीवरूनच इंग्रजीत गेलेला आहे). जाड काचेचा पेला आधी गरम पाण्याने विसळून घ्यावा, नाहीतर पेय पहिल्या दोन घोटांतच कोमट होते. एका पेल्यासाठी 150 मिलिलिटर पाण्यात दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा आणि आल्याची एक चकती घालून उकळी आणावी, आच बंद करून चार-पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून पुन्हा गरम करावे. पेल्यात दोन चमचे मध, एक चमचा लिंबाचा रस आणि 45 मिलिलिटर व्हिस्की घालून त्यावर हे पाणी ओतावे. आयर्लंडमध्ये लिंबाच्या चकतीलाच लवंगा टोचून ती पेल्यात सोडतात, ते दिसतेही सुरेख. व्हिस्की मात्र सौम्य आणि मिश्र प्रकारची घ्यावी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या धुराच्या वासाच्या व्हिस्कीपुढे मसाला टिकत नाही, आणि महागडी सिंगल माल्ट (एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली व्हिस्की) मधात बुडवणे मला पटत नाही.

सुपारीची वाडी (दापोली)

दालचिनीकडेही लक्ष द्यावे. बाजारात मिळणारी जाड, टणक, गडद साल बहुधा कॅसियाची (दालचिनीच्या जवळच्या, पण वेगळ्या झाडाची) असते आणि ती जास्त वेळ पाण्यात राहिली की तिखट-तुरट होते. खरी दालचिनी पातळ असते, तिचे पापुद्र्यावर पापुद्रे गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी सहज मोडते. कोकणात तिची लागवड होते. आमच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात त्यासाठीच आहे. पेल्यावर शेवटी थोडे जायफळ किसून घातल्यास वास फार छान येतो, मात्र ते आयत्या वेळीच किसावे.

पाहुणे सहा-सात असतील तर प्रत्येक पेल्यासाठी वेगळे पाणी उकळण्यापेक्षा आदल्या दिवशी मसाल्याचा पाक करून ठेवणे सोयीचे. 200 ग्रॅम गूळ, 200 मिलिलिटर पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, चार ठेचलेल्या वेलच्या आणि तीन लवंगा एकत्र करून गूळ विरघळेपर्यंत तापवावे, अर्धा तास झाकून ठेवावे आणि गाळून शीतकपाटात ठेवावे. मग पेल्यात मधाऐवजी तीन चमचे पाक, लिंबू आणि व्हिस्की घालून साधे गरम पाणी ओतले की झाले. लिंबाऐवजी संत्र्याची साल पिळून पाहा. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्यात निघणारे पीक) याच दिवसांत बाजारात असतो.

नाडीपरीक्षा (पुणे)

वैद्यकीय व्यवसायात असल्यामुळे एक गोष्ट सांगणे भाग आहे. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात शरीरातली उष्णता त्वचेवाटे अधिक वेगाने बाहेर जाते. गच्चीवर बसणार असाल तर शाली आणि कानटोप्या हाताशी ठेवाव्यात. ज्यांनी सर्दीसाठी गुंगी आणणारे औषध घेतले असेल त्यांना हे पेय मुळीच देऊ नये. त्यांच्यासाठी तोच पाक, लिंबू आणि आल्याचे गरम पाणी पुरेसे रुचकर होते.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पाक करून दोन पेले तयार केले, एक लिंबाचा आणि एक संत्र्याच्या सालीचा. गुळाबरोबर संत्रे अधिक जुळले, लिंबाने मात्र व्हिस्कीची चव जास्त स्पष्ट राहिली. लवंगा तीनच घातल्या होत्या, तरी पाक रात्रभर न गाळता राहिला तेव्हा कडवटपणा थोडा जाणवला. त्यामुळे शनिवारी अर्ध्या तासाचे बंधन घड्याळ लावून पाळणार आहे.