मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर साडेबारा हजार किलोमीटर, मग सोळा तास कसे?

कोथरूडकर (प्रश्न) : जुलैमध्ये आम्ही उभयता मुलाकडे न्यूयॉर्कला निघालो आहोत. मुंबई आणि केनेडी या विमानतळांमधले अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर चौदा तास पुरेसे व्हावेत. तिकिटानुसार मात्र रात्री दीडला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोचायचे आहे, म्हणजे साडेसहा तास, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सोळा तास लिहिले आहेत. यातले काय खरे मानावे? परतीचा प्रवास कमी वेळाचा का?

नकाशावेडा : सोळा तास खरे. तिकिटावरील दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात आणि उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. साडेसहात साडेनऊ मिळवा. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो.

आता चौदाचे सोळा कसे झाले ते पाहू. १२,५०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचे किमान अंतर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरलात, तर तो अरबस्तानावरून न जाता पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया आणि आइसलंड असा उत्तरेकडून वळतो. सपाट नकाशावर हे पटत नाही, पण जवळचा मार्ग तोच. प्रत्यक्षात विमानांना तो नेहमी मिळत नाही. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद आहे, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केली. वळसा घेतला की अंतर वाढते, आणि वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पोहोचून उभे राहीपर्यंतचा असल्यामुळे धावपट्टीपर्यंत जाण्याची मिनिटेही त्यात येतात.

परतीचे श्रेय वाऱ्याला द्यावे लागेल. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो; त्याचा वेग अनेकदा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात तो अधिक जोरदार असतो. जाताना हा वारा समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो, त्यामुळे तासा-दीड तासाचा फरक सहज पडतो.

घाटमाथा : वरील विवेचन उत्तम आहे, तथापि पुणेकराचा प्रवास मुंबईहून सुरू होत नाही. लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नाही, तेव्हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता आधी कापावा लागतो. कोथरूडहून द्रुतगती मार्गाने साडेतीन-चार तास धरावेत. पावसाळ्यात बोरघाटात वाहने अडकतात म्हणून तासभर हाताशी ठेवावा. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे दीडच्या विमानासाठी संध्याकाळी साडेपाचच्या आत घर सोडणे इष्ट.

कोथरूडकर : आभारी आहे. गाडी पाचलाच सांगतो.