युगांडातील मुलांचा मलेरिया: 'अंशतः प्रतिरोध' म्हणजे काय?

रानजाई: युगांडातील जिंजा येथे गंभीर मलेरिया झालेल्या १०० मुलांपैकी ११ जणांत आर्टेमिसिनिन या मलेरियावरील मुख्य औषधाला अंशतः प्रतिरोध आढळल्याचे २०२४ मधील एका अभ्यासात वाचले. मग औषध लागू पडले की नाही?

निशिगंध: लागू पडते, पण संथपणे. रक्तातील परजीवींची संख्या निम्मी होण्यास ५ तासांहून अधिक काळ लागला, तर अंशतः प्रतिरोधाची शंका घेतली जाते. त्यामागे बहुधा परजीवीच्या के१३ जनुकातील बदल असतात. मूल बरे होते खरे, परंतु गंभीर आजारात बरेचसे मृत्यू रुग्णालयात आणल्यावर पहिल्या २४ तासांतच होत असल्याने हा संथपणा क्षुल्लक मानता येत नाही.

जुना वाटसरू: मला त्याच अभ्यासातील दुसरी बाब अधिक चिंताजनक वाटते. बरी झाल्याचे समजून घरी पाठवलेल्या १० मुलांना महिन्याभरात पुन्हा मलेरिया झाला. आर्टेस्युनेटची (आर्टेमिसिनिन गटातील औषध) इंजेक्शने झाल्यावर तोंडाने द्यायच्या गोळ्यांतील जोडीचे औषध, म्हणजे ल्युमेफँट्रिन, उरलेले परजीवी संपवते, आणि ते स्निग्ध आहाराबरोबरच नीट शोषले जाते. उपाशी, ओकाऱ्या करणाऱ्या लहान मुलाच्या बाबतीत हे सांगणे सोपे, करणे अवघड.

रानजाई: आपल्याकडे असे काही घडले आहे का?

निशिगंध: ईशान्य भारतात आर्टेस्युनेटच्या जोडीचे औषध सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन निष्प्रभ ठरू लागल्यामुळे २०१३ मध्ये तेथे आर्टेमिथर (हेही आर्टेमिसिनिन गटातील) आणि ल्युमेफँट्रिन ही जोडी देण्याचे धोरण स्वीकारले गेले.