अण्णांसाठी घरात ठेवायचा रेडिओ हवाय – 'डिजिटल' म्हणजे नेमकं काय बघून घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा जुना रेडिओ दिवाळीच्या साफसफाईत फळीवरून पडला. खरं सांगायचं तर मीच पाडला. त्यामुळे नवा आणायची जबाबदारी कुणी न सांगताच माझ्यावर आली आहे.

अण्णा ८१ वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजवा हात थोडा थरथरतो. कान मात्र शाबूत. जरा खरखर झाली की स्वयंपाकघरातून ओरडतात, "स्टेशन सरकलं गं!" आम्ही इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी उठल्यापासून त्यांचं आकाशवाणी नाशिक, १०१.४ चालू. रात्री जेवणं झाली की मीडियम वेव्हवर (म्हणजे एएमवर) मुंबईची अस्मिता (५५८) नाहीतर पुणे (७९२) लागतंय का ते बघत बसायचं. लागलं तर ऐकायचं, नाही लागलं तर नुसतं काटा फिरवायचा. मला वाटतं त्यांना फिरवण्यातच जास्त गोडी आहे.

नवऱ्याचं म्हणणं, फोनवर आकाशवाणी ऐकायचं न्यूज ऑन एअर ॲप टाकून देऊ, ब्लूटूथ स्पीकर जोडू, झालं काम. आठवडाभर करून पाहिलं. ऐन बातम्यांत कुणाचा तरी फोन यायचा आणि बातम्या गायब. अण्णांनी चौथ्या दिवशी स्पीकर उशाखाली ठेवून दिला.

मग भाचा इंग्लंडहून येताना छान लाकडी पेटीचा 'डिजिटल रेडिओ' घेऊन आला. प्लगला अडॅप्टर शोधण्यात एक दुपार गेली. लावला, तर पडद्यावर 'शोधत आहे' आणि शेवटी शून्य स्टेशनं. नंतर वाचून कळलं की तो डॅब प्लस नावाच्या डिजिटल प्रसारण-पद्धतीचा आहे. त्या पद्धतीचं नियमित प्रसारण आपल्याकडे नाहीच. तिकडे ते रुळलंय (नॉर्वेनं तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंदही केलं), पण आपल्या आकाशवाणीनं डिजिटलसाठी डीआरएम ही दुसरीच पद्धत निवडली आणि ती ऐकायला वेगळा सेट लागतो. भाच्याच्या पेटीवर एफएम तेवढं लागतं, एएम नाहीच. म्हणजे अण्णांची रात्र गेली.

परवा एमजी रोडवर चार दुकानं फिरले. आकडे दिसणारा पडदा असला की तो 'डिजिटल', एवढंच दुकानदाराचं शास्त्र. चालेल, मला तरी दुसरं काय हवंय? पण तिथे एक गोष्ट लक्षात आली. एका सेटवर गाणं चालू असताना मी भिंतीवरचा स्विच बंद केला, मिनिटभरानं चालू केला. सेट मुका. पडद्यावर नुसतं १२:०० लुकलुकतंय. चारपैकी तीन सेट असेच निघाले. आमच्याकडे लाईट जाते-येते, दुपारी घरात अण्णा एकटे. जुन्या रेडिओला बटण दाबलेलं असायचं, लाईट आली की तो आपोआप बोलायला लागायचा.

तर मला हवंय ते असं: थेट भिंतीच्या प्लगवर चालणारा, वर सेलही टाकता येतील असा. आवाजाला गोल फिरवायचं बटण. स्टेशनं साठवायची बटणं मोठी आणि एकेका स्टेशनला एकेक. दोनदा दाबून धरा वगैरे नको. एफएमबरोबर एएम. बजेट चार-पाच हजार, चांगला असेल तर थोडं वर. गाणी भरलेला कॅरव्हान सुचवू नका, तो नणंदेनं दिलेला आहे आणि शोकेसमध्ये आहे.

विचारायचं हे की, नाशकात सध्या मीडियम वेव्हवर मुंबई-पुणे कितपत स्वच्छ लागतं? त्यासाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद

ताई, ऑनलाइन घेणार असाल तर आधी एएमची पायरी, म्हणजे आकडे कितीच्या टप्प्यानं सरकतात ते, बघा. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं असतात, अमेरिकेत १०च्या. १०वर बांधलेल्या सेटवर ५५० नंतर थेट ५६० येतं, अण्णांचं ५५८ मधल्यामध्ये राहून जातं. टेकसन कंपनीच्या सेटांसारख्यांमध्ये ९/१० बदलता येतं, पण त्यांची बटणं बारीक, अण्णांच्या हाताला जमायची नाहीत.

आणि रात्रीची खरखर रेडिओची असेलच असं नाही. मीडियम वेव्हचा अँटेना म्हणजे आतला फेराइटचा दांडा, त्यामुळे सेट आडवा ठेवून हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज स्पष्ट होतो. बाहेरची सळई फक्त एफएमसाठी. घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करून बघा. आमच्या सिडकोतल्या घरात सगळा गोंधळ एका स्वस्त चार्जरचा होता.

माझं मत विचाराल तर पडद्याचा नादच सोडा. सोनीचा आयसीएफ-५०६ बघा. काट्याचा आहे, भिंतीच्या वायरवर आणि सेलवर दोन्हींवर चालतो, एएम-एफएम आहे. अण्णांना काटाच फिरवायचाय ना?

धागाकर्ती

खूप आभार. चार्जरचं आजच करून बघितलं! हॉलमधला एक बंद केला तर शेजारच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर (उसना आणलाय) ५५८ च्या आसपास बराच फरक पडला. अण्णा खिडकीपाशी तो ट्रान्झिस्टर हातात धरून गोल फिरत होते, सासूबाई हसून हसून दमल्या.

काट्याचं मीही त्यांना विचारलं. म्हणाले, "काटा चालेल, पण अंधारात दिसला पाहिजे." तर आता एकच: या ५०६ ची तबकडी रात्री उजळते का? कुणाकडे असेल तर दिवे मालवून बघून सांगाल का?