मदत हवी आहे: मातीतून मिळालेल्या स्ट्रेप्टोमायसेस जिवाणूने प्रतिजैविक तयार करणे थांबवले आहे

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. जूनमध्ये उसाच्या बांधावरची माती आणून आठवडाभर सावलीत सुकवली, स्टार्च-केसीन अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) पसरवली आणि प्लेटा 28 अंश सेल्सिअसला ठेवल्या. नवव्या दिवशी खडूची भुकटी भुरभुरावी तशी पांढरी, पुढे राखाडी होत गेलेली एक वसाहत दिसली. लूपने (तारेच्या कडीने) खरवडली तरी ती अगारातून सुटेना आणि झाकण उघडताच पहिल्या पावसाचा, म्हणजेच जिऑस्मिनचा, वास आला. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले ग्रॅम-धन तंतू आणि बीजाणूंच्या माळा होत्या, त्यामुळे हा स्ट्रेप्टोमायसेसच असावा असे मी धरले. बॅसिलस सबटिलिस या चाचणीच्या जिवाणूच्या प्लेटवर त्याने 17 मिलिमीटरचे स्वच्छ वर्तुळ दिले, म्हणजे तेवढ्या भागात तो जिवाणू वाढला नाही.

अडचण पाचव्या सबकल्चरनंतर (ताज्या माध्यमावर पाचव्यांदा वाढवल्यावर) सुरू झाली. आता निम्म्याहून अधिक वसाहती गुळगुळीत, चकचकीत येतात, त्यांच्यावर भुकटी धरत नाही, वास जवळजवळ गेला आहे आणि वर्तुळ अजिबात पडत नाही. मार्गदर्शकांच्या मते हा बाहेरच्या जिवाणूंचा संसर्ग आहे, कल्चर टाकून द्यावे. मला ते पटत नाही, कारण या वसाहतींतही तेच तंतू दिसतात, दंडाकार जिवाणू एकही दिसत नाही. शिवाय या कुळात बीजाणू धरणे आणि प्रतिजैविक बनवणे या गोष्टी बऱ्याचदा जोडीने चालतात: 1943 मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात अल्बर्ट शॅट्झ यांना ज्यातून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळाले, त्या स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियसमध्ये ए-फॅक्टर नावाचा एकच संकेतरेणू दोन्ही कामे सुरू करतो. त्यातच या जिवाणूंचे गुणसूत्र वर्तुळाकार नसून सरळ रेषेसारखे असते आणि त्याच्या टोकांकडचे मोठे तुकडे सहज गळून पडतात.

म्हणून विचारते: माझ्या माध्यमात ग्लुकोज आहे, तर त्याऐवजी मॅनिटॉल (शर्करा-अल्कोहोल) वापरून पाहावे का? स्ट्रेप्टोमायसेस सीलिकलरची बीजाणू न धरणारी काही उत्परिवर्तिते (जनुकीय बदल झालेले प्रकार) मॅनिटॉलवर पुन्हा भुकटी धरतात, असे वाचले आहे; पण गुणसूत्राचा तुकडाच गळून गेला असेल तर या उपायाने काही साधणार नाही, हेही कळते. पहिल्या कल्चरची एक स्लँट (तिरप्या अगारवर वाढवलेली नळी) फ्रिजमध्ये 4 अंशांवर आहे. तिच्यावरचे बीजाणू विरळ पसरवून, एकेका बीजाणूपासून आलेल्या भुकटीदार वसाहती निवडाव्यात आणि प्रत्येकीची वर्तुळचाचणी घ्यावी, हा मार्ग योग्य आहे का? आमच्याकडे उणे 80 अंशांचा फ्रीझर नाही; 20 टक्के ग्लिसरॉलमधले बीजाणू उणे 20 अंशांवर वर्षभर नीट राहतात का, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिनाने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला हॅमायसिन हे बुरशीरोधक प्रतिजैविक दिले. आपल्या मातीतून आलेला हा जिवाणू नीट तपासल्याशिवाय टाकून देण्यास माझे मन तयार होत नाही. स्लँट एकच असल्याने तुमची उत्तरे येईपर्यंत मी तिला हात लावणार नाही.